राणी दिसते, पाणी कोण भरतं?

फुगे आणि चौकटी : चित्रकथांविषयी वाचकांचे प्रश्न, सोलापूरहून उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की चित्रकथांतल्या स्त्रीराज्यांत बायका राज्य करताना क्वचितच दिसतात. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. चाचा चौधरीवरचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आणि ‘तुम्हाला चित्रकथांतलं काय कळतं’ असं ज्यांनी विचारलंय त्यांना एवढंच सांगते, की माझी सगळी नोकरी जॅकार्डच्या चादरींचे ग्राफ काढण्यात गेली. चौकोनात चित्र कसं बसवतात ते कळतं. कोणतं चित्र मुद्दाम बसवलं नाही, तेही कळतं.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतलं बायकांचं बेट वाचून तिने विचारलं, “बाबा, असं राज्य खरंच होतं का?” मला उत्तर देता आलं नाही. आणि ही राज्यं नेहमी बेटावरच का असतात?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मुलीला सांगा, गोष्टीत होतं, आणि फार जुन्या काळापासून होतं. कल्हणाच्या राजतरंगिणीत ललितादित्य दिग्विजयाला निघतो तेव्हा त्याला स्त्रीराज्य लागतं. जैमिनी अश्वमेधात अर्जुनाचा घोडा प्रमिलेच्या राज्यात शिरतो, ती तो अडवते, आणि लढाईचा शेवट लग्नात होतो. आपल्याकडे ज्या घरात नवनाथ भक्तिसाराचं पारायण होतं, तिथल्या पोरासोरांनाही मैनाकिनीचं राज्य ठाऊक असतं. मच्छिंद्रनाथ तिथे रमतात आणि गोरखनाथ नाचणाऱ्यांच्या ताफ्याबरोबर आत शिरून मृदंगातून ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ वाजवतात.

प्रत्यक्षातलं म्हणाल, तर सातव्या शतकात ह्युएन त्संगने हिमालयातल्या सुवर्णगोत्र नावाच्या देशाची माहिती लिहून ठेवली. तिथे राज्य राणीचं. तिच्या नवऱ्याला राजा म्हणतात, पण कारभारात त्याला कोणी विचारत नाही. पुरुषांनी लढायचं आणि शेत पेरायचं. यातलं खरं किती, ते इतिहासकार बघून घेतील. मला त्या भिक्षूचं कौतुक वाटतं ते पेरणीच्या उल्लेखासाठी. एवढी साधी चौकशी चित्रकथावाले करत नाहीत. आजचं उदाहरण हवं असेल तर मेघालयातले खासी. वंश आईकडून चालतो, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, पण गावचा दरबार परंपरेने पुरुषांचाच. मुलीला हेही सांगा, म्हणजे आईचं नाव लावलं की सत्ता आईची, असा तिचा समज होणार नाही.

आता बेट. बेट लागतं ते पाहुण्यासाठी. वन पीसमधला लफी ॲमेझॉन लिली या बायकांच्या बेटावर आकाशातून येऊन आदळतो. अमेरिकन चित्रकथेतल्या वंडर वुमनच्या बेटावर वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हरचं विमान कोसळतं. आपल्या पोथीत मारुतिराया मच्छिंद्रनाथांना तिकडे धाडतात. वाचकाने पाहुण्याच्या पाठीमागून आत शिरायचं आणि त्याच्याबरोबर डोळे विस्फारायचे, अशी सोय असते. बेट असलं की दार एकच राहतं आणि तिथे पहारा दाखवता येतो. पुरुष त्या दारातून येईपर्यंत गोष्ट सुरूच होत नाही, आणि तो गेला की बहुतेक वेळा संपते.

म्हणून मी एक बघते: पाहुणा यायच्या आधीची एखादी चौकट आहे का? आणि असली तर त्यात पाणी कोण भरतंय? आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या रात्री येतं त्या रात्री कोण जागं राहतं, मोटर कोण लावतं, बॅरल आधी कुणाचं भरायचं यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे पाहिलं की त्या वाड्यात कुणाची सत्ता चालते ते समजतं. राज्य म्हणजे एवढंच तर असतं. सिंहासन काढायला काय, एक पान पुरतं.

वन पीसचे लेखक ओदा यांच्या बेटाला या परीक्षेत मी काठावर पास करीन. सापांची धनुष्यं आहेत, राणी बोआ हॅनकॉक जहाज घेऊन चाचेगिरीला जाते, म्हणजे राज्याचं पोट कशावर चालतं ते तरी कळतं. बायका बाहेर जातात, दिवस राहून परततात, आणि जन्मतात त्या फक्त मुली. आपल्या पोथीत मारुतीच्या भुभुःकाराने मुलग्याचा गर्भ टिकत नाही. मुलग्यांचं काय करायचं हा प्रश्न दोन्हीकडे लेखकांनी जन्माआधीच मिटवून टाकलाय. पुढे मात्र ही राणी लफीच्या प्रेमात अशी पडते की राज्य बाजूलाच राहतं. आठवीतली मुलगी यावर हसत असेल तर हसू द्या. वैतागत असेल तर तिला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मी समाजशास्त्र शिकते. वंडर वुमनचं बेट स्त्रीवादी समजायचं की पुरुषाने रंगवलेलं स्वप्न? वर्गात यावर भांडण झालं.
— एक विद्यार्थिनी, होटगी रोड

उत्तर : दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांना गुण दे. वंडर वुमन 1941 च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रकार हॅरी पीटर. मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबावरून खोटं पकडायची पद्धत त्याने मांडली होती, आणि जिच्यात अडकलं की खरंच बोलावं लागतं ती वंडर वुमनची दोरी आठवली की गंमत वाटते. 1937 मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं होतं की पुढच्या शंभर वर्षांत अमेरिकेत स्त्रीसत्तेची सुरुवात होईल. म्हणजे 2037 पर्यंत मुदत आहे. बघू या.

त्या पहिल्या गोष्टीतलं एक बारीक बघ. सुरुवातच विमान कोसळण्याने होते. हर्क्युलिसने ॲमेझॉन बायकांना फसवून बेड्या घातल्या, ॲफ्रोडाइटी देवीने सोडवलं, मग त्या बेटावर आल्या, हा सगळा इतिहास चौकटींत येतच नाही. तो मधल्या मजकुराच्या पानांवर, बाजूला छोटी चित्रं देऊन, धड्यासारखा छापलाय. पाहुण्याला चौकटी आणि बायकांच्या इतिहासाला धडा! वर्गात भांडण काढायचं असेल तर यावरून काढ.

मनगटांवरची कडी त्या जुन्या बेड्यांची आठवण म्हणून घालायची. पुरुषाने ती एकमेकांना जोडली की ताकद जाते, आणि कडी काढून टाकली तर ती बेभान होते. मार्स्टनच्या गोष्टींत बायका इतक्या वेळा दोरीत आणि साखळीत सापडतात, की त्याच काळात प्रकाशकाच्या सल्लागारांपैकी एका बाईंनी तक्रार केली होती. शिवाय बेटाशेजारी गुन्हेगार बायकांना सुधारायचं वेगळं बेट आहे. तिथे कैद्यांना असा कमरपट्टा घालतात की त्यांना आज्ञा पाळावीशीच वाटते. प्रेमळ सत्तेपुढे नमणं यातच सुख, हे मार्स्टनचं तत्त्वज्ञान. मला ते पटत नाही. पण राज्य म्हटलं की तुरुंग कुठे आहे, हा प्रश्न त्याने टाळला नाही. नंतरच्या पुष्कळांनी टाळला.

त्याच्या घरची हकीकत तर एखाद्या चित्रकथेला पुरेल. बायको एलिझाबेथ नोकरी करून घर चालवायची. त्याच घरात राहणाऱ्या ऑलिव्ह बर्नने दोघींची मिळून चार मुलं सांभाळली. तिच्या मनगटात रुंद कडी असायची, वंडर वुमनची कडी तिथूनच आली. एकजण कमावतेय, दुसरी पोरं वाढवतेय, आणि गृहस्थ बसून स्त्रीराज्य लिहितायत. घरात जे चाललं होतं ते कागदावर आलं असतं तर बेटाला चुली, झोळ्या, दूधवाल्याचा हिशोब सगळं मिळालं असतं. त्याऐवजी मिळाल्या स्पर्धा, सण आणि कांगारूसारख्या प्राण्यांवरच्या शर्यती. त्या प्राण्यांचा तबेला कोण झाडतं, हे एवढ्या वर्षांत मला कुठे सापडलेलं नाही.

मार्स्टन 1947 मध्ये गेला. 1987 मध्ये जॉर्ज पेरेझने बेट नव्याने मांडलं: इथल्या बायका म्हणजे पुरुषांच्या हातून मेलेल्या स्त्रियांचे पुन्हा जन्मलेले आत्मे. ही कल्पना मला आजही हलवते. कारण त्यात या बायकांना एकत्र राहायचं कारण मिळतं, नुसता भूगोल नाही. मग 2012 मध्ये ब्रायन अझारेलोने दाखवलं की त्या समुद्रात जहाजं गाठतात, खलाशांशी संग करून त्यांना मारतात, आणि झालेले मुलगे हेफायस्टस या लोहार-देवाला देऊन शस्त्रं घेतात. पुष्कळ वाचक खवळले. मलाही राग आला, पण जरा वेगळा. एवढा घोर सौदा चालतो, तर त्यावर बेटावर एकदा तरी सभा भरली असेल ना? कुणी आई अडली असेल, कुणी हात वर केला असेल, कुणी केला नसेल. ती सभा कुठाय? राक्षस रंगवला आणि राज्यकारभार पुन्हा राहिलाच.

प्रश्न : आमच्या लहानपणी इंद्रजालमध्ये फँटम आणि मँड्रेक वाचताना असं काही डोक्यात आलं नाही. आता सगळ्यात बाई-पुरुष का शोधायचं?
— एक ज्येष्ठ वाचक, नवी पेठ

उत्तर : काका, मीही तेच अंक भाड्याने आणून वाचले, आणि परत द्यायच्या आधी मागची पानं भावाच्या हातून ओढून घ्यायचे. आनंद तुमचा कोणी काढून घेत नाही. पण फँटमच्या अगदी सुरुवातीच्या, 1936 मध्ये सुरू झालेल्या गोष्टींतली ‘स्काय बँड’ बघा. विमानं लुटणाऱ्या बायकांची टोळी, सगळ्या वैमानिक, वर त्यांची म्होरकी बॅरोनेस. किती झकास सुरुवात! मग फँटम पकडला जातो. म्होरकी त्याच्या प्रेमात, तिची साथीदार सालाही त्याच्याच प्रेमात, आणि टोळीत फूट. विमानं कशी मिळवली, लुटीची वाटणी कशी होते, यात ली फॉकना रस नव्हता. मला होता.

दुसरा प्रकार उलटापालटीचा. मार्व्हलने 1972 मध्ये थंड्रा नावाची योद्धी आणली. ती भविष्यातल्या फेमिझोनियातून येते, तिथे बायका मालक आणि पुरुष गुलाम. फ्रान्समध्ये उदेर्झोने 1991 च्या ॲस्टरिक्समध्ये गॉल लोकांच्या गावाची सूत्रं बायकांकडे दिली. सीझर बायकांचं सैन्य पाठवतो, कारण गॉल लोक बाईवर हात उचलत नाहीत, आणि ते सैन्य शेवटी कपड्यालत्त्यांच्या दुकानांपुढे विरघळतं. हसू येतं, आणि हसून झाल्यावर जरा लाजही वाटते. सोलापुरी चादर उलटी करून बघा. नक्षी तीच असते, लालाच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी लाल. ही चित्रकथांतली उलटी राज्यं तशीच. मालक आणि गुलाम ही नक्षी कुणी बदलली नाही, धागे तेवढे अदलाबदल केले. चादरीत हे कसब आहे. गोष्टीत आळस आहे.

प्रश्न : आमच्या घरात आजी, आई, मावशी तिघी विड्या वळायच्या. घर त्यांच्यावरच चालायचं. मी आता शिक्षक आहे. चित्रकथेतलं बायकांचं राज्य वाचताना आमच्यासारखं घर कधी का दिसत नाही?
— एक शिक्षक, विडी घरकुल

उत्तर : सर, माझीही आई विड्या वळायची, त्यामुळे तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भिजवलेलं पान, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापलेलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. बोटं आपोआप चालायची आणि तोंडाने शेजारणीशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत बोलणं. दिवसभराचं काम कारखान्यात नेऊन दिलं की चेकर बंडल हातात घेणार आणि छाट काढून बाजूला टाकणार. तिथे आई एक अक्षर बोलायची नाही. घरी आली की आमच्या वडिलांसकट सगळ्यांना बोलायची. घर तिच्या मजुरीवर चालायचं हे खरं. पण बहिणीचं लग्न कुठे ठरवायचं ते काकांनी ठरवलं, हेही खरं. तुम्ही घर ‘चालायचं’ म्हणता. आज्ञाही त्यांची होती का, ते आईला विचारून बघा. मला वाटतं, उत्तर लांबलचक मिळेल.

असं लांबलचक उत्तर देणारी एकच चित्रकथा मला माहीत आहे: फुमी योशिनागा या जपानी लेखिकेची ‘ओओकू’. 2004 पासून 2020 पर्यंत मासिकातून चालली, 19 खंड झाले, तेझुका पुरस्काराचा मान 2009 मध्ये मिळाला. बेट नाही, देवी नाही. जपानच्या खऱ्या इतिहासात एक रोग घातलाय. तरुण मुलांनाच होतो, आणि पुरुषांची संख्या बायकांच्या चौथाईवर येते. मग एकेक करून सगळं सरकतं. नांगर बाईच्या हातात, दुकान बाईच्या नावावर. मुलगा जगला तर त्याला उन्हावाऱ्यालाही लागू देत नाहीत. गरीब घरं मुलाला रात्रीपुरतं भाड्याने देतात, कारण नवरा परवडणाऱ्या बायका थोड्याच उरल्या. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तोही बाई होते, आणि तिच्या जनानखान्यात देखणे पुरुष.

एक प्रसंग सांगते. नवी शोगुन योशिमुने काटकसरी आहे. ती हुकूम करते, जनानखान्यातल्या सगळ्यांत देखण्या पन्नास जणांची यादी करा. सगळे नटून बसतात, निवड होणार म्हणून. ती त्या पन्नासांना नोकरीतून काढून टाकते. म्हणते, देखणे आहात, बाहेर तुम्हाला घर मिळेल. जे दिसायला बेताचे आहेत त्यांचं बाहेर कोण बघणार? खर्च कमी झाला आणि कुणी उपाशीही राहिलं नाही. सर, याला म्हणतात राज्य करणं. हातात तलवार नाही, खर्चाची वही आहे. आणि मग तिला प्रश्न पडतो, की मी बाई, माझ्या आधीचीही बाई, तर आमची नावं पुरुषांची का? ती जुनी दप्तरं मागवते. तिथून गोष्ट मागे जाते आणि कळतं, की पहिली बाई शोगुन झाली ती बापाच्या नावामागे लपवूनच. सत्ता हातात आली तरी कागदावर बाप्याचं नाव. तुमच्या आईच्या घराची कागदपत्रं कुणाच्या नावावर होती, ते मी विचारत नाही.

पुढे रोगावर टोचणीचा उपाय सापडतो, मुलगे जगू लागतात, आणि बायका जागा सोडू लागतात. कुणी जबरदस्ती केलेली नसते. तो भाग मी सावकाश वाचला. इंग्रजी भाषांतर जरा जुनाट वळणाचं आहे, पण चित्रं थांबवून धरतात. शाळेत मात्र नेऊ नका. मोठ्यांसाठी आहे.

प्रश्न : अमर चित्र कथेत अहिल्याबाई, चांदबिबी, राणी दुर्गावती, रझिया सुलताना सगळ्या आहेत. मग आपल्याकडे स्त्रीराज्याच्या चित्रकथा नाहीत असं कसं म्हणता?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : राज्य करणारी बाई आणि बायकांचं राज्य यांत फरक आहे. यांच्याभोवतीचा दरबार, सैन्य, वारसा सगळं पुरुषांचं. बहुतेकींना गादी मिळाली ती कुणी मेला म्हणून किंवा कुणी लहान आहे म्हणून. अनंत पैंनी 1967 मध्ये ही मालिका सुरू केली तेव्हापासून आपल्या पोरींना या बायका माहीत झाल्या, हे ऋण मी मानते. पण चित्रकथेला घोडा आवडतो. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 इतकी वर्षं कारभार केला, घाट बांधले, महेश्वरात विणकर वसवले. त्यांचं नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे. त्या 28 वर्षांतलं रोजचं काम, म्हणजे अर्ज ऐकणं, सारा ठरवणं, विणकराला जागा देणं, काढायला चित्रकाराला कंटाळा येतो.

चांदबिबीचं तर आपल्याशी नातं आहे. तिचं लग्न विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा निजामशहाने हुंड्यात सोलापूर दिलं. त्याच्याही आधी एका आदिलशाही मुलीच्या लग्नात हाच किल्ला कबूल केला होता. तो मिळाला नाही म्हणून लढाई झाली. बागेत फिरायला जाता त्या भुईकोटाच्या भिंती दोन नवऱ्यामुलींच्या नावावर फिरल्यात. पुढे तिने विजापूर सांभाळलं, मोगलांपासून अहमदनगर लढवलं, आणि 1600 मध्ये स्वतःच्याच माणसांच्या हातून मेली. एखाद्या सोलापूरकराने हुंड्याच्या बोलणीपासून सुरुवात करून तिची चित्रकथा काढावी. मी ग्राफचे कागद देते.

प्रश्न : बायकांचं राज्य आलं तर युद्ध होणार नाही, असं चित्रकथा मानतात का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : ‘वाय : द लास्ट मॅन’ वाचा. ब्रायन वॉन यांचं लेखन, पिया गेरा यांची चित्रं, 2002 ते 2008, साठ अंक. जगातले सगळे पुरुष एका झटक्यात मरतात, उरतो एक पोरगा आणि त्याचं माकड. इथेही पाहुणा पुरुषच आहे, पण लेखकाने बेरीज नीट केली आहे. ज्या कामात आधी बायका होत्या, तेच काम चालू राहतं. इस्रायलमध्ये मुलींना सक्तीने लष्करात जावं लागायचं, म्हणून तिथलं सैन्य उभं राहतं. ऑस्ट्रेलियात पाणबुड्यांवर बायका होत्या, म्हणून समुद्र त्यांचा. अमेरिकेत शेतीखात्याच्या मंत्रीणबाई राष्ट्राध्यक्ष होतात, कारण क्रमाने पुढच्या त्याच उरतात. मेलेल्या खासदारांच्या बायका नवऱ्याची जागा मागायला बंदुका घेऊन येतात. युद्ध थांबत नाही.

प्रश्न : माझ्या चित्रकथेची पहिली पानं पाठवतोय. गोष्ट 2090 मधल्या सोलापूरची आहे, इथे बायकांचं राज्य आहे. स्पष्ट मत द्या, ताई.
— एक तरुण चित्रकार, अशोक चौक

उत्तर : स्पष्टच देते. तुमची रेघ चांगली आहे. गिरणीच्या चिमणीला राजवाडा केलाय, ते मला फार आवडलं. पण महाराणी पंचवीस वर्षांची, तिच्या सगळ्या मंत्रीणबाई पंचवीस वर्षांच्या, आणि सगळ्यांचं नाक एकच. या गावात चाळीस ओलांडलेली बाई नाहीच का? पहिल्याच पानावर इंद्रायणी गाडीतून पुण्याचा मुलगा उतरतो, आणि सहाव्या पानावर महाराणी त्याच्याकडे तशी बघते. पाहुण्याला आणायचंच असेल तर पुण्याहूनच का? विजापूरकडून येऊ द्या, निदान भाषेची गंमत होईल. खरं तर त्याला आणूच नका.

चौथ्या पानाचा उजवा कोपरा बघा. तुम्ही मागे भरायला म्हणून काढलंय: पुरुष ओळीने बसून विड्या वळतायत, आणि चष्मा घातलेली एक म्हातारी बंडल सोडून छाट काढतेय. सगळ्या पानांत चेहरा असलेली ती एकटी आहे. गोष्ट तिची करा. ती कुणाची बंडलं जास्त नापास करते? आपल्या भाच्याची काढते का? तिची आई कधीकाळी अशाच ओळीत बसली होती, हे तिला आठवतं की ती मुद्दाम विसरते? ज्याची बंडलं गेली तो घरी जाऊन बायकोला काय सांगतो, आणि बायको त्या म्हातारीकडे भांडायला जाते की नाही? एवढं काढलंत तर महाराणी नाही दाखवली तरी चालेल.

पुढची पानं पेन्सिलीतच पाठवा, शाई नंतर. आणि विड्या वळताना सूप मांडीवर असतं, तुम्ही जमिनीवर ठेवलंय. तेवढं दुरुस्त करा.